घड्याळाचा काळ आणि क्रियापदाचा काळ

मराठी माणसाचा इंग्रजी भाषेशी नित्याचा संबंध आला तो १८१८ साली पेशवाई अस्तास गेल्यानंतर. पुढील दोन शतकांत त्याने इंग्रजी शब्दांचा मोठा साठा आपलासा केला, त्या भाषेत ग्रंथ लिहिले, न्यायासनापुढे युक्तिवाद केले, वृत्तपत्रे चालविली. तथापि या वाटेवरचा एक चढ प्रत्येक पिढीला नव्याने चढावा लागला. तो म्हणजे इंग्रजी क्रियापदांचे काळ. शब्द अडला तर मोल्सवर्थचा किंवा कँडीचा कोश उघडता येई. काळ अडला तर कोश मुका राही.

हा प्रश्न केवळ शाळेतल्या गुणांचा नव्हता. ‘मी काल इंदूरला गेलो होतो’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू इंदूर’ हा त्याचा शब्दशः अनुवाद मात्र इंग्रजीत सदोष ठरतो. असे वाक्य अर्जात लिहिणाऱ्या किंवा मुलाखतीत बोलणाऱ्या उमेदवाराचे ज्ञान, अनुभव आणि बुद्धी यांपेक्षा त्याचे ते एक ‘हॅड’च पुष्कळदा अधिक ठळक दिसे. ऐकणाराच्या ओठांवर स्मित उमटे आणि बोलणारा पुढे बोलण्यास कचरे. वस्तुतः अशी चूक अज्ञानातून आलेली नसते. तिच्यामागे मराठीचा एक नियम काटेकोरपणे उभा असतो. म्हणून या चुकांचा इतिहास हा एका अर्थाने दोन भाषांच्या व्याकरणविचाराचाच इतिहास आहे.

या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी ‘काळ’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत ‘टाइम’ आणि ‘टेन्स’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला घड्याळाचा आणि पंचांगाचा, दुसरा क्रियापदाच्या रूपाचा. मराठीत दोहोंनाही ‘काळ’च म्हणतात. साहजिकच मराठी विद्यार्थी असे धरून चालतो की क्रियापदाचा काळ म्हणजे घटना घडल्याची वेळ. भूतकाळी घडले की भूतकाळ लावावा, एवढे सोपे ते त्याला वाटते. इंग्रजी क्रियापद मात्र वेळेबरोबर आणखी एक गोष्ट सांगत असते. ती म्हणजे बोलणारा त्या घटनेकडे कोठे उभा राहून पाहतो आहे.

ही दृष्टी भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नव्हती. पाणिनीने क्रियापदांच्या रूपसमूहांना लट्, लङ्, लुङ्, लिट् अशी सांकेतिक नावे दिली. त्या नावांत ‘काळ’ हा शब्दच नाही. भूतकाळासाठी त्याने तीन लकार सांगितले. लुङ् सामान्य भूताचा, लङ् आजच्या दिवसापूर्वीच्या भूताचा आणि लिट् बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूताचा. म्हणजे घटना केव्हा घडली याइतकेच बोलणाऱ्याचे तिच्याशी असलेले नातेही पाणिनीने हिशेबात धरले होते. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळांतून जे व्याकरण आले, ते या वाटेने आले नाही.

ते आले लॅटिनच्या वाटेने. लॅटिनमध्ये वर्तमान, भूत, भविष्य यांची रूपे प्रत्यय लागून सिद्ध होतात. इंग्रजी क्रियापदाची स्वतःची प्रत्ययसिद्ध रूपे दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. बाकीचे सारे ‘हॅव’, ‘बी’, ‘विल’, ‘शॅल’ या साहाय्यक क्रियापदांवर चालते. तरीही इंग्रज वैयाकरणांनी लॅटिनचा साचा समोर ठेवून आपल्या भाषेचे काळ मोजण्यास आरंभ केला. ऑक्सफर्डचे गणिती जॉन वॉलिस यांनी १६५३ साली परकीयांसाठी लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात ‘शॅल’ व ‘विल’ यांचा नियम घालून दिला. प्रथम पुरुषात ‘शॅल’ने केवळ भविष्य कळते व ‘विल’ने निश्चय किंवा वचन; द्वितीय आणि तृतीय पुरुषांत याच्या उलट. पुढे दोन-अडीचशे वर्षांनी मराठी मुलांनी हाच नियम घोकला. आजच्या इंग्रजीत ‘शॅल’चा वापर बराच मागे पडला आहे.

या साच्याला इंग्लंडातच विरोध झाला होता, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली गेली. ऑक्सिजनच्या शोधामुळे ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्या जोसेफ प्रीस्टली यांनी १७६१ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले. लॅटिनचे काळ इंग्रजीवर लादण्याचे कारण नाही आणि स्वतंत्र भविष्यकाळ मानण्याचेही नाही, असे त्यांचे मत होते. पण जग जिंकले ते लिंडले मरे यांनी. मूळचे अमेरिकन वकील असलेले मरे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाले आणि तेथील एका मुलींच्या शाळेच्या शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनी १७९५ साली आपले व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात सहा काळ होते. या पुस्तकाचा खप प्रचंड झाला आणि इंग्रजी राज्याबरोबर ते हिंदुस्थानातही पोहोचले.

मुंबईत हे व्याकरण ज्यांच्या हाती पडले त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) होते. १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. मराठीचे पाणिनी ही पदवी त्यांना लोकांनी दिली, ती त्यांच्या कार्याला साजेशीच आहे. त्यांच्या मांडणीमागे मरे यांच्या व्याकरणाचा आदर्श होता. त्याआधी १८०५ साली विल्यम कॅरी यांनी श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले होते. परकीय अधिकाऱ्यांना मराठी शिकविणे हा त्याचा हेतू होता. दादोबांचा ग्रंथ मराठी माणसाने मराठी मुलांसाठी मराठीत लिहिलेला होता. त्याचे मोल कधीही कमी होणार नाही. पण त्याबरोबर एक ऐतिहासिक योगही घडून आला. लॅटिनचा साचा इंग्रजीने घेतला होता, त्या साच्यातून निघालेली इंग्रजीची चौकट आता मराठीलाही मिळाली. दोन्ही भाषांचे काळ एकाच चौकटीत बसविले गेले, तेव्हा ते एकमेकांशी जुळतातच असा समज होणे अपरिहार्य होते.

पुढे शालेय व्याकरणात ही चौकट आणखी रेखीव झाली. मराठीच्या प्रत्येक काळाचे चार पोटभेद सांगितले जाऊ लागले: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. ‘मी वाचतो’, ‘मी वाचत आहे’, ‘मी वाचले आहे’, ‘मी वाचत असतो’. इंग्रजीचेही तीन काळ आणि प्रत्येकाचे चार भेद असे बारा काळ मांडले गेले. जे. सी. नेसफील्ड यांच्या व्याकरणावर हिंदुस्थानातील कित्येक पिढ्या वाढल्या. १९३० नंतरच्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले. यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते आणि ‘बो जेस्त’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही होते. बारा घरांचा हा तक्ता पाठ करणे म्हणजे इंग्रजीचे काळ येणे, असा दृढ समज त्यानंतर रूढ झाला.

तक्त्याची पहिली तीन घरे वरवर जुळतात. चौथे मुळीच जुळत नाही. ‘मी वाचत असतो’ ही सवय आहे, तर ‘आय हॅव बीन रीडिंग’ म्हणजे मागे सुरू झालेले आणि आतापर्यंत चालत आलेले वाचन. सवय सांगण्यास इंग्रजी साधा वर्तमानकाळच वापरते. ज्याने चौथ्या घराशी चौथे घर जोडले, त्याची फसगत ठरलेली. उलट मागून चालत आलेली क्रिया मराठीत साध्या वर्तमानाने सांगता येते. ‘मी दोन वर्षांपासून येथे राहतो’ असे मराठी माणूस म्हणतो. म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य त्याच्या तोंडी सहज येते. इंग्रजीला मात्र तेथे ‘आय हॅव लिव्ड हियर फॉर टू इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असे हवे असते. आरंभाचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, अवधी सांगायचा तर ‘फॉर’. मराठीचे ‘पासून’ ही दोन्ही कामे करते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी केंद्रांत या इतिहासाला आणखी वळणे मिळाली. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. उर्दू व्याकरणात भूतकाळाचे भेद ‘माज़ी क़रीब’ म्हणजे जवळचा भूत आणि ‘माज़ी बईद’ म्हणजे दूरचा भूत अशा नावांनी सांगतात. ‘आया है’ हा जवळचा, ‘आया था’ हा दूरचा. या नावांच्या आधारे इंग्रजीकडे पाहिले, तर ‘हॅव’ जवळच्या घटनेला आणि ‘हॅड’ दूरच्या घटनेला लावावे असे वाटणार. इंग्रजीचा दंडक तसा नाही. ‘आय सॉ हिम टेन मिनिट्स अगो’ येथे घटना दहाच मिनिटांपूर्वीची असून साधा भूतकाळ लागतो. ‘आय हॅव रेड दॅट बुक’ येथे वाचन तीस वर्षांपूर्वीचे असले तरी ‘हॅव’ चालते.

गोव्यात वाट पोर्तुगीजमधून गेली. पणजीचे लिसेव १८५४ साली निघाले आणि तेथे शिकलेल्या मराठी वाचकाला पोर्तुगीज क्रियापदांची लांबलचक रूपावली परिचित असे. त्या भाषेतही ‘बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ‘तेन्यु फालादु’ असे रूप होते. बांधणीने ते इंग्रजीच्या ‘आय हॅव स्पोकन’चे भावंडच. अर्थ मात्र वेगळा: अलीकडे वारंवार बोलत आलो आहे, असा. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तेथे इंग्रजीचे महत्त्व झपाट्याने वाढले, तेव्हा रूप सारखे म्हणजे अर्थ सारखा नव्हे हा धडा तेथील अभ्यासकाला निराळ्या दिशेने मिळाला.

इंग्रजीचे ‘हॅव’ नेमके काय करते? त्याचा उगम मालकीच्या कल्पनेत आहे. ‘लिहिलेले पत्र माझ्यापाशी आहे’ यातून ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ निघाला. घटना मागची, पण तिचे फळ आज हाती आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारी रचना ‘माझे जेवण झाले आहे’ ही होय. ज्याला जेवणाचा आग्रह होत आहे, त्याने हे म्हणावे. जेवण केव्हा झाले हा तेथे प्रश्नच नसतो. म्हणून ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘१९४७ साली’ असा नेमका गतकाळ सांगितला की इंग्रजीत ‘हॅव’ला जागा उरत नाही. अमेरिकन बोलीत ब्रिटिशांच्या ‘हॅव’च्या काही जागी साधा भूतकाळ सर्रास चालतो. यावरून हा नियम निसर्गाचा नसून भाषिक रूढीचा आहे हेही ध्यानात येते.

‘हॅड’चे रहस्य जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली एका तर्कशास्त्रीय ग्रंथात फार सुबोध करून दाखविले. प्रत्येक वाक्यात तीन बिंदू असतात असे ते म्हणतात: बोलण्याचा, घटनेचा आणि जेथून घटनेकडे पाहिले जाते तो. साध्या भूतकाळात पाहण्याचा बिंदू घटनेपाशीच असतो. ‘हॅव’मध्ये तो बोलण्याच्या क्षणी असतो. ‘हॅड’मध्ये तो भूतकाळातच, पण घटनेनंतर असतो. ‘मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ यात पोहोचणे हा पाहण्याचा बिंदू आणि सुटणे त्याच्याही आधीचे. येथे मराठी आणि इंग्रजी एकमताने चालतात. ‘मी काल इंदूरला गेलो होतो’ यात असा दुसरा बिंदू नाही. मराठीतील ‘होतो’ येथे गेलो आणि परतलो, ती गोष्ट आता संपली, असे सुचविते. इंग्रजीला ते सुचवायचे नसते, म्हणून तेथे ‘आय वेंट’ पुरेसे होते.

अशीच गोष्ट चालू काळाची. मराठीत ‘मला आठवत आहे’, ‘मला समजत आहे’ असे म्हणता येते. इंग्रजीत जाणणे, आठवणे, आवडणे, मालकी असणे ही क्रिया नसून स्थिती मानली जाते आणि स्थितीला सामान्यतः चालू काळ लागत नाही. ‘आय ॲम रिमेंबरिंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही रूपे त्यामुळे खटकतात. मुंबईचे बेने इस्रायली कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांनी भारतीयांच्या या लकबीवर इंग्रजी कविता लिहिल्या. बेळगावच्या इंदिरा संत यांच्या मराठी कवितांच्या इंग्रजी अनुवादातही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या त्या कवितांवर लोक हसले आणि काही जण दुखावलेही. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक होत्या, कारण लकब खरी होती आणि तिच्यामागचे मराठी, गुजराती, हिंदी मनही खरे होते.

खुद्द इंग्रजीतही चालू काळ स्थिर नव्हता. ‘घर बांधले जात आहे’ या अर्थाचे ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकात अनेक इंग्रज पंडितांनी त्याला अशुद्ध ठरविले. तेच रूप आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. म्हणजे दादोबांच्या पिढीने जी भाषा शिकण्यास घेतली, ती शिकता शिकताच बदलत होती.

मराठीच्या बाजूने या प्रश्नाची उकल करणारा मोठा ग्रंथ माळव्यात इंग्रजी शिकविलेल्या एका प्राध्यापकाकडून आला. कवी केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले हे ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनच्या माधव कॉलेजात अध्यापक होते. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यात क्रियापदाच्या रूपांना त्यांच्या ठेवणीवरून नावे आहेत: ‘करतो’ हे ताख्यात, ‘केला’ हे लाख्यात, ‘करावा’ हे वाख्यात, ‘करील’ हे ईलाख्यात. रूपाचे नाव वेगळे आणि काळाचे नाव वेगळे. या एका पायरीने पुष्कळ गोष्टी उलगडतात. ‘तुम्ही पुढे व्हा, मी आलोच’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा लाख्यात भूताचे नसून लगेच घडणाऱ्या भविष्याचे असते. इंग्रज तेथे ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो, म्हणजे चालू वर्तमानाचे रूप भविष्यासाठी वापरतो. ‘तो येई’, ‘ती गाई’ या रूपांचा इतिहासही असाच आहे. ज्ञानेश्वरांच्या काळी ती वर्तमानाची होती, आज ती गतकाळातील सवय सांगतात. रूप तेच राहिले, काळ बदलला.

इंग्रजीच्या अभ्यासकांनीही याच सुमारास हीच वाट धरली. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली ‘टाइम’ आणि ‘टेन्स’ यांतील भेद ठासून मांडला. १९८५ साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या बृहद् व्याकरणात इंग्रजीचे काळ दोनच मानले गेले, वर्तमान आणि भूत. पूर्णता आणि चालूपणा ही काळाची नव्हे, तर दृष्टिकोनाची रूपे ठरली. भविष्य सांगण्याचे अनेक मार्ग असतात. मराठीतही ‘पाऊस पडेल’ आणि ‘पाऊस पडणार’ यांत छटा आहे. आभाळ दाटून आलेले पाहून दुसरे वाक्य निघते, तसेच इंग्रजीत ‘इट इज गोइंग टू रेन’. प्रीस्टली यांचे मत दोन शतकांनंतर असे पुन्हा प्रतिष्ठित झाले.

मग बारा घरांचा तक्ता टाकून द्यावा काय? तसे करण्याचे कारण नाही. रूपे लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे. मात्र कोणते रूप कोठे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वाक्यामागची परिस्थिती पाहावी लागते. द्वा. रा. तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने घरोघरच्या विद्यार्थ्यांना मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून विचार करण्यास शिकविले. शाळा सुटल्यानंतर, नोकरी सांभाळून, कंदिलाच्या उजेडात इंग्रजी गिरविणाऱ्यांचा तो गुरू होता. त्यापुढची पायरी सलग वाचनाची. कादंबरीत, चरित्रात किंवा प्रवासवर्णनात ‘हॅड’ केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हे शेकडो पाने वाचता वाचता कानाला कळू लागते. ‘तो येतो असे म्हणाला’ याचे इंग्रजीत ‘ही सेड ही वॉज कमिंग’ का होते, हे नियमापेक्षा कथेतील संवादांनी लवकर पटते. निवेदक भूतकाळात उभा असतो आणि सारे तेथून पाहतो.

मराठी ग्रंथालयांनी आपल्या कपाटांत इंग्रजी पुस्तकांना जागा दिली, त्याचे एक फळ हे आहे. परप्रांतांत आणि संस्थानांत राहून ज्यांनी मराठी जपली, त्यांना घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी हा नित्याचा अनुभव होता. एकाच घटनेकडे तीन भाषा तीन ठिकाणांहून पाहतात, हे त्यांना पुस्तकाआधी व्यवहाराने शिकविले होते. अशा वाचकाला इंग्रजीचे काळ शिकताना आपली मराठीही नव्याने दिसली: ‘गेलो’, ‘गेलो आहे’, ‘गेलो होतो’ यांतील बारीक भेद, आणि ‘आलोच’मधला दिलासा. परक्या भाषेचा काळ चुकला म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. ती चूक आपल्या भाषेचा कोणता नियम घेऊन आली हे ओळखता आले, की दोन्ही भाषा अधिक स्वच्छ लिहिता येतात. दादोबांपासून दामल्यांपर्यंतच्या वैयाकरणांनी मागे ठेवलेला हा ठेवा ग्रंथालयांच्या कपाटांत आजही वाचकाची वाट पाहत आहे.